‘शनिवारीच तर घेतो’ म्हणणाऱ्यास पत्र

दांडिया बाजार, बडोदे
आषाढ वद्य सप्तमी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रविवारी तू कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट दाखवायला आलास, तेव्हा तुझी आई शेजारीच बसलेली असल्यामुळे वजन, तळलेले खाणे आणि सकाळचे चालणे यांपलीकडे मी काही बोललो नाही. निघताना जिन्यात मात्र तू आपणहून मागे वळलास आणि दारूबद्दल हळू आवाजात म्हणालास, “शनिवारीच तर घेतो, काका. श्रावणात तर हातही लावत नाही. मला काही सवय नाही.” तुझ्या मागून आई चपला घालून येत होती, म्हणून मी नुसती मान डोलावली. ती मान डोलावणे मला तेव्हापासून बोचते आहे, कारण तुला तो होकार वाटला असेल. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत तू माझ्या लॅबमध्ये स्टुलावर चढून सूक्ष्मदर्शकातून रक्ताच्या पेशी पाहायचास आणि एकेका पेशीवर चार-चार प्रश्न विचारायचास. त्याच मुलाला मी हे लिहितो आहे, आणि तेव्हा उत्तरे द्यायचो तशीच, काही हातचे न राखता.

आधी तुझा रिपोर्ट पाहू. जी.जी.टी. हे यकृताचे एक एन्झाइम 112 आहे, ते पुरुषांत साधारण 55 ते 60 च्या आत असावे लागते. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात उतरणारी एन्झाइमे, एस.जी.ओ.टी. 64 आणि एस.जी.पी.टी. 48, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड 248, आणि सोनोग्राफीत ग्रेड 1 फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठू लागलेली. एम.सी.व्ही., म्हणजे तांबड्या पेशींचे सरासरी आकारमान, 99 आहे. मर्यादा 100 ची असल्यामुळे त्याच्यापुढे बाण छापलेला नाही, पण तुझ्या वयाच्या धडधाकट मुलात हा आकडा दिसला की मी कागद पुन्हा एकदा वरपासून वाचतो. कंपनीच्या डॉक्टरांनी हे सगळे वजनाच्या खात्यावर टाकले, आणि तुझे वजन वाढले आहे हे खरेच आहे. परंतु केवळ वजनामुळे यकृतात चरबी साठते तेव्हा बहुधा एस.जी.पी.टी. हे एस.जी.ओ.टी. पेक्षा वरचढ असते. तुझ्या कागदावर ते उलटे आहे. दारू यकृताच्या पेशींतील मायटोकाँड्रियांना, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, इजा करते आणि एस.जी.ओ.टी. चा मोठा साठा तिथेच असतो, म्हणून ते रक्तात अधिक झिरपते, शिवाय एस.जी.पी.टी. ला लागणारे बी-6 जीवनसत्त्व पिणाऱ्यांच्या शरीरात कमी पडते. यांतला एकेक आकडा सुटा घेतला तर त्याला दहा कारणे असू शकतात, जी.जी.टी. तर काही औषधांनीही वाढते; पण हे सगळे आकडे एकाच बाजूला झुकलेले दिसले की कारण शोधायला मला फार लांब जावे लागत नाही.

रात्री फोनवर मी विचारले तेव्हा तू खरे सांगितलेस, याचे मला फार बरे वाटले. एक स्ट्राँग बिअरची मोठी बाटली आणि त्यानंतर एक क्वार्टर, असा तुझा शनिवार असतो. महिन्यातून एकदा दमणला आणि बाकीचे शनिवार कोणाच्या तरी फ्लॅटवर. आता याचा हिशेब मांडू. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या 30 मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. क्वार्टर 180 मिलिलिटरची, म्हणजे तिच्यात 60 ग्रॅम. “बिअर म्हणजे काय, पाणीच ते” असे तू फोनवर म्हणालास, तर 8 टक्क्यांच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत 41 ग्रॅम असते, म्हणजे चार छोटे पेग. एका शनिवारी तुझ्या अंगात 100 ग्रॅम जाते. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून अधिक घेण्याला अतिपानाचा प्रसंग मानते आणि असा प्रसंग महिन्यातून एकदा घडला तरी त्याची नोंद घेते. तुझ्याकडे तो महिन्यातून चार वेळा घडतो. तेव्हा जिन्यात तू ‘शनिवारीच’ म्हणालास त्यातला ‘च’ मला मान्य नाही.

हा जो एकाच रात्री सगळे उरकण्याचा प्रकार आहे, तो आपल्याकडे का वाढला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गुजरात राज्य 1960 मध्ये झाले तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. मी तिच्या विरोधात नाही. कितीतरी घरांत महिन्याचा पगार शाबूत पोहोचतो तो तिच्यामुळे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण चोरून पिणाऱ्याला बाटली घरात ठेवता येत नाही, अर्धी उरवता येत नाही, आणि दारूबंदी नसलेल्या दमणला चार तास गाडी चालवत गेलेल्या मुलांना दोन पेगांवर उठणे म्हणजे पेट्रोल फुकट गेल्यासारखे वाटते. मग जे मिळाले आहे ते आजच संपवायचे असते. ज्या फ्लॅटवर ‘नेहमीचा माणूस’ बाटली पोहोचवतो त्या बाटलीत काय आहे हेही तुम्हा कोणाला सांगता येणार नाही. 2009 मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, 2022 मध्ये बोटाद भागात पुन्हा तेच झाले. या दोन्ही वेळी गुन्हेगार होते मिथेनॉल, ज्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी डोळ्याची नस खाते. लेबल असलेल्या बाटलीतही भेसळ होते, एवढेच सांगून हा विषय सोडतो, कारण तुझ्या बाबतीतली माझी काळजी निर्भेळ दारूचीच आहे.

ती पोटात गेल्यावर काय होते ते नीट समजून घे. साधारण पाचवा भाग जठरातून आणि उरलेली लहान आतड्यातून थेट रक्तात शिरते. पोट भरलेले असेल तर ती आतड्यात सावकाश उतरते, म्हणून उपाशीपोटी लवकर चढते. श्वास, घाम आणि लघवी यांतून जेमतेम दोन ते दहा टक्के बाहेर पडते, बाकी सगळी निस्तरायचे काम यकृताचे. यकृत तिचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते, मग ॲसिटेट, आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड. मधला तो ॲसिटाल्डिहाइड हा मूळ दारूहून अधिक जहाल पदार्थ आहे. तो प्रथिनांना आणि पेशीतील डी.एन.ए.ला चिकटून बसतो, आणि पुढे सांगणार असलेल्या बऱ्याच उत्पातांच्या मुळाशी तोच असतो.

यकृताचा हा वेग ठरलेला आहे. ताशी सात ते दहा ग्रॅम, म्हणजे फार तर एक छोटा पेग. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी डोळे उघडतात, वेग वाढत नाही. तुझे 100 ग्रॅम निस्तरायला यकृताला दहा ते चौदा तास लागतात. रात्री एकला शेवटचा घोट घेऊन रविवारी सकाळी नऊला तुम्ही दमणहून गाडी काढता, तेव्हा तुमच्यातला जो ‘मला उतरली आहे’ म्हणून चाक हाती घेतो त्याच्या रक्तात ती अजून फिरत असते. कायद्याने 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. महामार्गावरच्या त्या चार तासांचा विचार मनात आला की मला यकृताचाही विसर पडतो.

या दहा-चौदा तासांत यकृत दुसरी कामे बाजूला ठेवते. चरबी जाळण्याचे त्याचे रोजचे काम थांबते आणि उलट नवी चरबी बनू लागते, कारण दारू पचवताना पेशीतील रासायनिक तोल त्या बाजूला कलतो. एका ग्रॅम अल्कोहोलमधून सात कॅलरी मिळतात, तेव्हा शंभर ग्रॅमच्या सातशे कॅलरी, त्यांच्यावर तळलेले चणे, चिकन आणि पहाटेची सेव-उसळ. हे सारे चरबीच्या थेंबांच्या रूपाने यकृताच्या पेशींत साठते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी पांढऱ्या फुग्यांसारख्या दिसतात, केंद्रक कडेला ढकललेले. तुझे ग्रेड 1 फॅटी लिव्हर ते हेच. आणि ‘पूर्वी दोन पेगांत चढायची, आता चारांत काही होत नाही’ असे जे तू काहीशा अभिमानाने म्हणालास, त्याचा अर्थ मेंदू दारूला सरावला आणि यकृताने ती जाळण्यासाठी एक जादा यंत्रणा उभी केली, असा आहे. ती जादा यंत्रणा पेशीला पोळणारे घटक भरपूर सोडते. दारू पचवण्याची ताकद वाढली असे माणसाला वाटते ते दिवस यकृतासाठी फार वाईट असतात. याच यंत्रणेमुळे साधी पॅरासिटामॉलही नेहमी पिणाऱ्याच्या यकृतात अधिक विष तयार करते, म्हणून रविवारी सकाळी डोके ठणकले की दोन-दोन गोळ्या घेण्याची तुमच्या गटातली पद्धत आजच बंद करा.

चरबीनंतरचा टप्पा सुजेचा आणि त्यानंतरचा व्रणाचा. सारख्या इजेने यकृतातील काही निवांत पडून असलेल्या पेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. जखमेवर जसा वण धरतो, तसा आतल्या आत. ते धागे वर्षानुवर्षे एकमेकांना जुळत गेले की यकृताचे छोटे छोटे कप्पे पडतात, आणि त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना पहिल्यांदा असे यकृत हातात धरले. निरोगी यकृत तपकिरी, गुळगुळीत, ओले असते, सुरी त्यातून सहज जाते. हे मात्र आकसलेले, पिवळट, वरून खडबडीत, जणू कोणी त्यावर मोहरी आणि वाटाणे पेरले असावेत. सुरी घातली तेव्हा ती अडली आणि कच्च्या सुरणाच्या फोडी करताना येतो तसा करकर आवाज आला. तो माणूस चव्वेचाळीस वर्षांचा होता. आमच्या सरांनी त्याच्या केसपेपरवरचा पहिला रकाना वाचून दाखवला. पोटदुखी: कधीच नाही.

हे लक्षात घे, कारण तूही मला फोनवर हेच म्हणालास की “पण काका, मला दुखत तर काहीच नाही.” यकृताच्या आतल्या भागात वेदना पोहोचवणाऱ्या नसाच नसतात, त्या वरच्या आवरणात असतात. चार भागांतले तीन भाग कामातून गेले तरी उरलेल्यावर ते निभावून नेते, तक्रार करत नाही. काविळीने डोळे पिवळे होईपर्यंत किंवा संध्याकाळी पावले सुजेपर्यंत माणूस स्वतःला ठणठणीत समजतो.

आता जे लिहितो ते मी फारसे कोणाला सांगितलेले नाही. आमच्या वाड्यात माझे एक स्नेही राहत, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. नोकरी करून तबला वाजवायचे, आणि गणपतीत आमच्या गल्लीतल्या भजनाला ते बसले की पलीकडच्या पोळातले, म्हणजे वस्तीतले, गुजराती शेजारीही ओट्यावर येऊन बसत. त्यांचेही ‘कधीतरीच’ होते. 1991 मध्ये वहिनींच्या आग्रहावरून त्यांनी माझ्याकडे रक्त दिले. एस.जी.पी.टी. 38 आले. मी कागद त्यांच्या हातात देत म्हणालो, “नॉर्मल आहे, काही काळजी नको.” जी.जी.टी. मी केलेच नाही, किती घेता हे विचारले नाही. वयाने मोठ्या माणसाला कसे विचारायचे, असा संकोच होता. तो कागद त्यांनी पुढे कित्येक वर्षे पाकिटात घडी घालून ठेवला होता, आणि कोणी काही बोलले की काढून दाखवत. म्हणजे दहा-बारा वर्षे माझ्याच सहीच्या आधाराने ते पीत राहिले.

2003 मध्ये मी त्यांना घरी भेटायला गेलो तेव्हा पोट पाण्याने फुगलेले होते आणि हातपाय काटकुळे. यकृत घट्ट झाले की आतड्यांकडून येणारे रक्त त्यातून वाट काढू शकत नाही. दाब वाढतो, पोटात पाणी साठते आणि अन्ननलिकेच्या शिरा फुगतात. तळहात लाल झाले होते आणि छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा होत्या. मी त्यांना दोन्ही हात पुढे करून, मनगटे वर वळवून, बोटे पसरून धरायला सांगितले. हात स्थिर राहिनात. पाखराने पंख मारावेत तसे पंजे मध्येच खाली पडत आणि पुन्हा वर येत. आतड्यांतला अमोनिया यकृत गाळू शकत नाही आणि तो मेंदूपर्यंत पोहोचतो, त्याची ही खूण. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिले, मग कोपऱ्यात गवसणी घालून ठेवलेल्या तबल्याकडे पाहिले, आणि मला विचारले, “डॉक्टर, हे पुन्हा बसतील ना?” अडीच महिन्यांनी रक्ताची उलटी होऊन ते गेले. शेवटच्या आठवड्यातही त्यांचे एस.जी.पी.टी. 41 होते. फुटून रक्तात एन्झाइम सोडायला जिवंत पेशीच फारशा उरल्या नव्हत्या.

म्हणून तुझ्या कागदावरच्या बाणांमुळे मला भीतीपेक्षा दिलासा अधिक वाटतो. तुझे यकृत अजून बोलते आहे. जे चरबीच्या टप्प्यावर असतात त्यांनी पूर्ण थांबवले तर काही आठवड्यांतच चरबी उतरू लागते, आणि हा टप्पा पूर्णपणे मागे फिरवता येतो. व्रणाच्या सुरुवातीला तो काही अंशी फिरवता येतो. सिऱ्होसिसनंतर, थांबलेला माणूस न थांबलेल्यापेक्षा पुष्कळ अधिक जगतो, पण झालेले वण बहुतांशी राहतात. सगळ्या पिणाऱ्यांना सिऱ्होसिस होत नाही, हेही तुला सांगतो, नाहीतर तू मला एखाद्या ऐंशी वर्षांच्या पिणाऱ्या आजोबांचे उदाहरण देशील. अतिपान करणाऱ्यांतही तो बहुधा दहा-वीस टक्क्यांना गाठतो. पण ते दहा-वीस कोण हे आधी सांगणारी एकही तपासणी माझ्या लॅबमध्ये नव्हती.

बाकीच्या अवयवांबद्दल थोडक्यात लिहितो. एकाच बैठकीत भरपूर घेतल्यावर दुसऱ्या दिवशी हृदयाचा ताल बिघडू शकतो, सुट्टीनंतर असे रुग्ण तपासणारे डॉक्टर हे चांगले ओळखतात. वर्षानुवर्षांच्या पिण्याने रक्तदाब चढतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडतो. स्वादुपिंडाच्या सुजेच्या दोन मोठ्या कारणांपैकी एक पित्ताशयातले खडे आणि दुसरे दारू. त्या दुखण्याने मध्यरात्री गुडघे पोटाशी घेऊन बसलेला रुग्ण मी पाहिला आहे आणि तसे दुखणे वैऱ्यालाही येऊ नये. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे तू कुठेतरी वाचले असशील. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटले की आरोग्यासाठी सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही, आणि त्याचे मुख्य कारण कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच मद्याला पहिल्या गटातील कर्ककारक ठरवले होते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या जागी त्याचा संबंध सिद्ध आहे. तुझ्या शर्टाच्या खिशात मला मावाची पुडी दिसली. तंबाखू आणि दारू एकत्र आल्या की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो, कारण दारूने ओली झालेली त्वचा तंबाखूतले विष आत शोषून घेते. दोन्हींतले एकच सोडायचे असेल तर कोणते, असे मला विचारू नकोस.

मेंदूवर मात्र जरा थांबतो, कारण तू चोवीस वर्षांचा आहेस आणि मेंदूचा पुढचा भाग, जो ‘आता पुरे’ म्हणायला लागतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. दमणच्या रात्रीतले दोन तास कोणालाच आठवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचे फोटो पाहून तुम्ही हसता, असे तू सांगितलेस. ते दोन तास विसरले गेलेले नाहीत. ते नोंदवलेच गेले नाहीत. रक्तातली पातळी भराभर चढली की आठवण लिहून ठेवणारा मेंदूचा भाग काम थांबवतो, माणूस तेव्हा चालत असतो, बोलत असतो, गाडीही चालवतो. झोपेचेही तसेच आहे. घेतल्यावर डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या पूर्वार्धातली स्वप्नांची झोप दबते आणि उत्तरार्धात झोप तुटत राहते, म्हणून सोमवारी सकाळी कारखान्यात तुला जो जडपणा वाटतो तो कामाचा नसतो. दीर्घकाळ पिणाऱ्यांत बी-1 जीवनसत्त्व संपते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि टोकाच्या अवस्थेत आत्ता झालेले बोलणे पाच मिनिटांत पुसले जाते. तू त्या वाटेवर फार मागे आहेस. पण ते दोन न नोंदलेले तास त्याच वाटेवरचे आहेत.

आता श्रावणाचे. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. महिनाभर हात न लावता राहू शकणारा मुलगा दारूच्या पूर्ण कह्यात गेलेला नाही. मात्र सवय लागणे आणि इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या रिपोर्टातली इजा सवयीशिवाय झालेली आहे. शिवाय तुमचा श्रावण गटारीने सुरू होतो. महिनाभर मिळणार नाही म्हणून आषाढ अमावास्येला दुप्पट घ्यायची, हा कोणता उपवास? ती दिव्यांची अवस आहे; तुझी आजी त्या दिवशी घरातले समई-निरांजन चिंचेने घासून पाटावर मांडायची आणि तुला कणकेचे गोड दिवे द्यायची, ते मीही खाल्ले आहेत. येत्या अमावास्येला दमणचे ठरले आहे असे तुझ्या बोलण्यातून कळले. माझी पहिली विनंती ही की तू जाऊ नकोस. मित्रांना काय सांगायचे हा प्रश्न पडेल, तर सरळ सांग की लिव्हरचा रिपोर्ट वाईट आला आहे आणि डॉक्टरकाकांनी दोन महिने बंद सांगितली आहे. खोटे काहीच नाही त्यात. त्यांच्यातला एखादा तुला बाजूला घेऊन स्वतःचा रिपोर्ट दाखवील, तर त्यालाही माझ्याकडे आण.

श्रावण तू पाळतोसच, त्याला भाद्रपद जोड. गणपतीत जमलेल्या मंडळींत रात्री जागरणाच्या नावाखाली काय चालते ते मला माहीत आहे. त्या दहा दिवसांत आरतीनंतर माझ्या घरी येत जा, तबल्याची ती जोडी वहिनींनी मला दिली आहे आणि तिला हात लागत नाही. शनिवारची संध्याकाळ सगळ्यांत अवघड जाईल, कारण तुझे सगळे मित्र त्याच एका संध्याकाळी भेटतात. पहिले तीन शनिवार त्यांना सकाळी कमाटीबागेत किंवा नाश्त्याला भेट, संध्याकाळी भेटू नकोस. वजन कमी करण्याचे मी आईसमोर बोललो तेही खरेच आहे, ते सोडू नकोस.

एक गोष्ट मात्र मला आताच आणि खरी कळली पाहिजे. सकाळी उठल्यावर हात कापणे, घाम फुटणे, छाती धडधडणे आणि ते थोडी घेतल्यावर शांत होणे, असे तुला किंवा तुमच्यातल्या कोणाला होत असेल, तर त्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूला तोल देण्यासाठी स्वतःला चेतवून ठेवलेले असते. दारू एकाएकी काढली की तो भडकतो, पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हे डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधे आणि बी-1 च्या इंजेक्शनांसह करावे लागते. व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन 14446 आहे. तुझ्या शनिवारांवरून तुला ही अडचण येणार नाही असे मला वाटते, पण तू सांगितलेल्या चौघांपैकी जो रविवारी सकाळी ‘उतारा’ म्हणून पुन्हा घेतो, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

घटस्थापनेच्या आदल्या रविवारी सकाळी आठपर्यंत माझ्या जुन्या लॅबवर ये. मी तिथल्या मुलांना सांगून ठेवतो. बारा तास काही खाल्लेले नसावे, पाणी चालेल, नाहीतर ट्रायग्लिसराइडचा आकडा फसवा येतो. दारू थांबली की जी.जी.टी. दोन-तीन आठवड्यांनी निम्मे होत जाते, त्या हिशेबाने तोवर ते मर्यादेत यायला हवे. एम.सी.व्ही. लगेच फारसे हलणार नाही, कारण तांबडी पेशी 120 दिवस जगते आणि जुन्या पेशी संपायला दिवाळी उलटून जाईल. ते पाहून निराश होऊ नकोस. जी.जी.टी. उतरलेच नाही, तर माझे निदान अपुरे आहे असे समजून मी हिपॅटायटिस बी आणि सी तपासीन आणि तुला पोटविकारतज्ज्ञांकडे घेऊन जाईन. यावेळी मी एकही तपासणी संकोचाने वगळणार नाही. आईला काय सांगायचे ते तूच ठरव, मी तिच्याशी याबद्दल बोलणार नाही. जुना रिपोर्ट सोबत आण, दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू, आणि तुला हवे असेल तर स्लाइडही लावू. स्टूल अजून तिथेच आहे.

तुझा,
डॉक्टरकाका